विकास योजनेचा स्टुडिओ : रंग भरायच्या आधीचं काम

एम. प्लॅन.ला, म्हणजे नगर नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, नव्याने आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात नियोजन म्हणजे रंगीत नकाशा असतो. पिवळं निवासी, निळं व्यापारी, हिरवं उद्यान. प्रत्यक्षात विकास योजनेच्या स्टुडिओतला (शहराच्या जमिनीचा पुढचा वापर ठरवण्याच्या प्रात्यक्षिकातला) निम्म्याहून अधिक वेळ एकमेकांशी न जुळणाऱ्या कागदांचा मेळ घालण्यात जातो. गट नकाशा एक सांगतो, उपग्रहाचं चित्र दुसरं, सातबारा तिसरं, आणि जनगणना २०११ सालात थांबलेली. रंग भरण्याचं काम शेवटच्या काही आठवड्यांचं असतं, आणि खरं सांगायचं तर तेवढं अवघडही नसतं.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. तपशील विद्यापीठागणिक बदलतो, पण साधारणपणे पहिल्या वर्षात एका लहान शहराची विकास योजना, दुसऱ्या वर्षात तालुका किंवा जिल्ह्याची प्रादेशिक योजना आणि मग प्रबंध. वर्गात वास्तुरचनाकार, सिव्हिल इंजिनिअर, बी. प्लॅन. झालेले आणि भूगोल किंवा अर्थशास्त्रातून आलेले असे सगळे असतात. गट पाडताना मैत्रीपेक्षा हे मिश्रण सांभाळणं महत्त्वाचं. पाचही वास्तुरचनाकार असलेल्या गटाच्या शीट्स देखण्या होतात आणि लोकसंख्येचा अंदाज कच्चा राहतो. भूगोलवाल्यांना नकाशा समजतो, पण बारा मीटरचा रस्ता प्रत्यक्षात किती जागा खातो याचा अंदाज सिव्हिलवाल्याला लवकर येतो.

महाराष्ट्रात या स्टुडिओचा सांगाडा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातून येतो. कलम २३ खाली योजना तयार करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ खाली सहा महिन्यांत पाहणी करून विद्यमान जमीन वापर नकाशा तयार करायचा असतो, कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि लोकांना हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, कलम २८ खाली सुनावणी, कलम ३१ खाली शासनाची मंजुरी. ही कलमं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर कोणता नकाशा आणि कोणता तक्ता तयार असावा लागतो हे वहीत लिहून ठेवलं की स्टुडिओचं वेळापत्रक आपोआप तयार होतं.

शहर निवडताना ३० ते ५० हजार वस्तीची नगरपरिषद घ्यावी. त्याहून मोठं शहर घेतलं तर जमीन वापराची पाहणी सत्रात पुरी होत नाही, आणि लहान नगरपंचायत घेतली तर वाहतूक आणि व्यापार या भागांत लिहायला फारसं काही मिळत नाही. नदी, राज्यमार्ग आणि आठवडी बाजार असलेलं गाव मिळालं तर उत्तम. नियोजनातले बहुतेक पेच तिथे एकत्र भेटतात.

गावी जाण्याआधी विभागप्रमुखांच्या सहीची पत्रं तयार हवीत. मुख्याधिकाऱ्यांना एक, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांना एक, तहसीलदारांना एक, आणि पोलिस ठाण्याला माहितीसाठी एक. पत्रात ‘आवश्यक ती माहिती मिळावी’ असं मोघम लिहिलं की आवश्यक ती माहिती मिळत नाही. नावं घालून मागावं : हद्दीचा नकाशा, मंजूर विकास योजना आणि तिचा अहवाल, मालमत्ता कर आकारणीची प्रभागनिहाय बेरीज, नळजोडण्यांची संख्या, गेल्या पाच वर्षांतल्या बांधकाम परवानग्या, मंजूर रेखांकनं (लेआउट). कर आकारणीची यादी मागताना मालकांची नावं नकोत, फक्त वापर आणि क्षेत्रफळ हवं, असं स्पष्ट लिहिलं तर ती लवकर हातात पडते.

आता बेस मॅप, म्हणजे पुढचे सगळे नकाशे ज्यावर चढतात तो पायाचा नकाशा. सगळा खेळ इथे आहे.

गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी गट नकाशा किंवा गाव नकाशा, आणि गावठाणासाठी असल्यास सिटी सर्व्हेच्या शीट्स मिळतात. गाव नकाशे बहुतेक १:५००० किंवा १:१०००० प्रमाणावर, सिटी सर्व्हे १:५०० वर. हे दोन्ही एकाच चौकटीत बसवायचे, खाली उपग्रहाचं चित्र ठेवायचं आणि वर हद्द. पहिली गोष्ट म्हणजे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) ठरवणं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर हे सगळं यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं. ७८ अंश पूर्व रेखांश ओलांडला की पट्टा ४४ सुरू होतो. वर्धा, नागपूर, चंद्रपूर तिथे. क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये मागचं चित्र म्हणून वेबवरचा उपग्रह नकाशा जोडला की प्रकल्पाचं प्रक्षेपण गुपचूप वेब मर्केटर होऊन बसतं, आणि नवे लेयर त्यातच तयार होतात. त्या प्रक्षेपणात थेट मोजलेलं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अक्षांशांवर ८ ते १६ टक्के फुगतं, पुण्याच्या अक्षांशावर साधारण ११ टक्के. नकाशा दिसायला अगदी बरोबर असतो, म्हणून ही चूक परीक्षकांच्या ज्युरीपर्यंत जिवंत राहते. उपाय साधा आहे. पहिल्याच दिवशी एखाद्या क्रीडांगणाची लांबी-रुंदी टेपने मोजायची आणि पडद्यावरच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहायची.

दुसरी अडचण जिओरेफरन्सिंगची, म्हणजे कागदी नकाशा खऱ्या जागेवर बसवण्याची. गट नकाशा जुना, घड्या पडलेला, कागद आकसलेला, वर स्कॅनरने थोडा ताणलेला. त्यावर नियंत्रण बिंदू (नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा) घेताना तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, रस्ता ओढा ओलांडतो ती जागा, रेल्वेचं फाटक, जुनी पक्की विहीर असे बिंदू शोधावेत. नदीचं वळण घेऊ नये, नदी सरकते. बिंदू नकाशाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पसरलेले हवेत. सगळे गावठाणाजवळ घेतले तर गावठाण चपखल बसतं आणि शीव शंभर मीटर सरकते.

इथे एक फसवी सोय आहे. रूपांतरासाठी ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडलं की सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूवर त्रुटी शून्य दाखवतं. मुलं खूश होतात. ती शून्य असणारच, कारण ही पद्धत नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदूतून नेतेच. एखादा बिंदू साफ चुकीचा असला तरी तो लपून जातो आणि आसपासचे गट वाकडे होतात. म्हणून आधी पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतर (जे नकाशा सरकवतं, फिरवतं आणि सरळ ताणतं, पण वाकवत नाही) वापरायचं, ज्या बिंदूची त्रुटी बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे तो तपासायचा, काढायचा किंवा सुधारायचा, आणि मगच स्प्लाइनकडे जायचं की नाही ते ठरवायचं. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर असते, १:१०००० वर पाच मीटर. तेव्हा जुन्या गट नकाशावर पाच ते दहा मीटरची त्रुटी आली तर ती अहवालात लिहून पुढे जावं. पण तो आकडा लक्षात ठेवायचा. नऊ मीटरचा प्रस्तावित रस्ता या त्रुटीमुळे पूर्णपणे शेजारच्या गटात गेलेला असू शकतो.

डिजिटायझेशन (हद्दी संगणकावर रेखणं) झालं की प्रत्येक गटाचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडायचं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, ४० गुंठ्यांचा एकर. आर आणि गुंठा इतके जवळचे आहेत की गावात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तक्त्यात मात्र एकच एकक ठेवावं. पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य भाग, लागवडीखालच्या क्षेत्रात धरलेला नसतो, तो मिळवल्याशिवाय एकूण क्षेत्र जुळत नाही. पाच टक्क्यांच्या आतला फरक आमच्या स्टुडिओत आम्ही मान्य धरला, त्यापुढच्या गटांची वेगळी यादी केली. नकाशावर नुसता गट ४५ असतो आणि सातबारे ४५/१, ४५/२/अ, ४५/२/ब असे निघतात, तेव्हा पोटहिस्से मोजणी होऊन नकाशावर आलेले नाहीत असं समजावं आणि अंदाजाने रेघा मारण्याचा मोह टाळावा. गुणधर्म तक्त्यात दोन रकाने ठेवायचे, ‘नकाशावरचं क्षेत्र’ आणि ‘अभिलेखातलं क्षेत्र’. दोन्हींची सरासरी काढून तिसराच आकडा जन्माला घालणारे गट दरवर्षी असतात. तो आकडा कुठल्याच कार्यालयात चालत नाही.

बेस मॅप पक्का झाल्याशिवाय जमीन वापराच्या पाहणीला निघू नये. वेळापत्रक उलटं सुचवत असतं, कारण गावी जायची गाडी ठरलेली असते.

पाहणी आधी, योजना नंतर, हा आग्रह स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा. १९१४ पासून दहा वर्षं ते भारतातल्या शहरांचे अहवाल लिहीत हिंडले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पहिल्या सत्रात त्यांच्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो. दुसऱ्या सत्रात उन्हात उभं राहून एकेका इमारतीचा वापर लिहिताना ते खऱ्या अर्थाने समजतात.

ए३ कागदावर १:२००० ने छापलं तर साधारण ५० हेक्टर मावतं, १:१००० ने साडेबारा. बाहेरच्या विरळ भागाला पहिलं प्रमाण पुरतं, गावठाणाला दुसरंही अपुरं पडतं आणि १:५०० लागतं. दोघांची जोडी करावी, एकाने पाहायचं आणि विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं. मोबाईलवर क्यूफील्ड किंवा कोबो वापरलं तर नंतरची टंकलेखनाची मेहनत वाचते, पण कागदही बरोबर असावा. अरुंद बोळात जीपीएस पंधरा-वीस मीटर भरकटतं आणि बिंदू समोरच्या वाड्यावर पडतो.

वापरांचे संकेत (कोड) आधी ठरवून घ्यायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गल्ली एकत्र करून पाहायची. नाहीतर एका जोडीला जे ‘निवासी’ दिसतं ते दुसऱ्या जोडीला ‘मिश्र’. खाली दुकान आणि वर घर असेल तर दोन्ही मजल्यांचे वापर वेगळे लिहायचे, नकाशावर तळमजल्याचा रंग आणि वरच्या मजल्याची खूण. सर्वात जास्त घोळ ‘मोकळ्या जागे’चा होतो. पडीक शेत, अकृषिक होऊन प्लॉट पडलेली पण घर न बांधलेली जमीन, रेखांकनातली सोडलेली खुली जागा, आठवडी बाजाराचं पटांगण आणि गायरान, हे पाचही उपग्रहावरून सारखेच तपकिरी दिसतात. पाचांना पाच संकेत हवेत. रेखांकनातल्या खुल्या जागेवर मंदिर किंवा समाजमंदिर उभं असेल तर मंजूर वापर आणि प्रत्यक्ष वापर दोन्ही लिहायचे. गुंठेवारीच्या (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या) वस्त्या मंजूर रेखांकनात सापडत नाहीत, त्या पाहणीतच सापडतात, म्हणून त्यांच्या कडा नीट चालून नोंदवाव्यात.

रंगांबद्दल एक सूचना. इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी रंगपट्ट्यांत व्यापारी वापर लाल असतो. आपल्याकडे व्यापारी निळा, सार्वजनिक-निमसार्वजनिक लाल, औद्योगिक जांभळा. लाल बाजारपेठ रंगवलेली शीट लावली की बाहेरच्या परीक्षकांना मुख्य रस्त्यावर सलग शाळा-दवाखाने दिसू लागतात.

तक्ता करताना टक्केवारी कशाची काढतो आहोत हे शीर्षकातच लिहावं. समजा हद्द १,१०० हेक्टर आहे, त्यातलं विकसित क्षेत्र ३८० हेक्टर आणि निवासी १९० हेक्टर. हद्दीशी काढलं तर निवासी १७ टक्के, विकसित क्षेत्राशी काढलं तर ५० टक्के. केंद्र सरकारच्या २०१४ च्या यूआरडीपीएफआय या नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत लहान शहरांसाठी निवासी ४५ ते ५० टक्के सुचवलंय, ते विकसित क्षेत्राचं. १७ ला ४५ शी ताडून ‘निवासी क्षेत्राची तीव्र टंचाई’ असा निष्कर्ष काढलेले अहवाल ग्रंथालयात आहेत.

घनतेतही हाच सापळा, वर आणखी एक पेच. समजा त्याच गावाची २०११ ची लोकसंख्या ३८,५०० आणि आजचं विकसित क्षेत्र ३८० हेक्टर, भागाकार हेक्टरी १०१. पण अंश २०११ चा आणि छेद आजचा. आजचा अंदाज ४९ हजारांच्या आसपास धरला तर घनता १३० च्या जवळ जाते. लहान शहरासाठी सुचवलेली मर्यादा हेक्टरी ७५ ते १२५. एका आकड्याने गाव आरामात आहे, दुसऱ्याने दाटलंय.

लोकसंख्येचा अंदाज हा स्टुडिओतला सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात घाईने उरकला जाणारा भाग. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोवर २०११ वरच उभं राहायचं. उदाहरण म्हणून १९९१ ला २४,०००, २००१ ला ३१,००० आणि २०११ ला ३८,५०० घ्या. अंकगणिती वाढीने दशकाला सरासरी ७,२५०, म्हणजे २०४१ ला ६०,२५०. वाढीतली वाढ धरणाऱ्या पद्धतीने ६३,२५०. भूमितीय पद्धतीने दशकाचा दर २६.५६ टक्के, आणि २०४१ ला सुमारे ७८,०००. हेक्टरी १०० माणसं धरली तर पहिल्या अंदाजाला ६०२ हेक्टर विकसित जमीन लागते, शेवटच्याला ७८०. फरक १७८ हेक्टरांचा. पाण्याचं तसंच. माणशी १३५ लिटरने एकीकडे दिवसाला ८.१ दशलक्ष लिटर, दुसरीकडे साडेदहा.

तिन्ही पद्धतींची सरासरी काढणं ही सर्रास चालणारी पळवाट आहे. सरासरीला कारण नसतं. इथे दोन दशकांचा वाढीचा दर २९ वरून २४ टक्क्यांवर उतरलाय, म्हणजे दर कायम राहतो ही भूमितीय पद्धतीची मूळ अटच मोडली. नवी औद्योगिक वसाहत किंवा मोठा रस्ता आलेला नसेल तर ती बाजूला ठेवायला हरकत नाही. मग आजच्या अंदाजाला दुसरीकडून आधार शोधायचा : घरगुती वीज मीटर, नळजोडण्या, निवासी मालमत्ता, मतदारयादी. यातलं काहीही थेट लोकसंख्या देत नाही. मतदारयादीत फक्त प्रौढ, आणि बाहेरगावी गेलेल्यांची नावंही. मालमत्ता यादीत कुलूपबंद घरं. बेकायदा जोडण्या कुठेच नाहीत. पण चारही आकडे २०११ पासून साधारण सारख्या प्रमाणात वाढलेले दिसले तर अंदाजाला बळ येतं, आणि एखादाच वेगळा पळत असेल तर त्याचं कारण शोधताना गावाबद्दल काहीतरी नवं कळतं. नळजोडण्या अचानक दुप्पट झाल्या म्हणजे माणसं दुप्पट झाली असं नाही, अनेकदा नवी पाणीयोजना सुरू झालेली असते.

प्रभागांची हद्द हा आणखी एक कागदी घोळ. २०११ चे वॉर्ड आणि आजचे प्रभाग वेगळे. जुन्या वॉर्डची लोकसंख्या नव्या प्रभागावर चिकटवता येत नाही. जुन्या वॉर्डचा नकाशा मिळवून तो वेगळा लेयर म्हणून ठेवावा आणि प्रभागनिहाय घनतेच्या नकाशाखाली कोणत्या सालची हद्द आहे ते लिहावं.

घरोघरच्या पाहणीसाठी किती नमुना घ्यायचा हे सूत्राने ठरतं. ९५ टक्के विश्वास पातळी, ५ टक्के त्रुटी, आणि ८,५०० कुटुंबं असतील तर ३७० च्या आसपास घरं. ती प्रभागांत कुटुंबसंख्येच्या प्रमाणात वाटायची आणि प्रभागात ठरावीक अंतराने घर निवडायचं. कुलूप दिसलं की शेजारचं घर घेण्याची सवय टाळावी. दिवसा कुलूप असलेली घरं बहुतेक दोघंही कामावर जाणाऱ्यांची असतात, आणि प्रवासाची माहिती नेमकी त्यांच्याकडेच असते. संध्याकाळी पुन्हा जावं. उत्पन्न थेट विचारलं की खोटा आकडा मिळतो किंवा दार बंद होतं. महिन्याचा वीज बिलाचा आकडा, वाहनं, घरभाडं, मुलांच्या शिक्षणाचा खर्च यांवरून गट पाडता येतात.

वाहतुकीची मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत, वाहनाच्या प्रकारानुसार. एक साधा दिवस आणि एक बाजाराचा दिवस, दोन्ही हवेत. कार-एककात (एक वाहन म्हणजे किती कार, या मापात) रूपांतर करताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या मानकात दुचाकीला दोन गुणक आहेत : रहदारीतला वाटा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ०.५, १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दुसराच लागू पडतो, तरी बहुतेक तक्त्यांत पहिला सापडतो. ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ धरली जाते, त्यामुळे ऊसपट्ट्यातल्या गावात मोजणी गळीत हंगामात केली की नाही यावर रस्त्याची रुंदी ठरते.

प्रस्तावांकडे वळताना आधी जिथे बांधायचं नाही ते काढून घ्यायचं. जलसंपदा विभागाच्या पूररेषा : निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटींसह. १:५ किंवा त्याहून तीव्र उतार, वन, कालवा, उच्चदाब वाहिनी. भोगवटादार वर्ग-२ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी), देवस्थान इनाम आणि गायरान यांचा स्वतंत्र लेयर करावा. शासकीय जमीन दिसली की त्यावर आरक्षण टाकायची (शाळा-बागेसारख्या सार्वजनिक सोयीसाठी ती राखून ठेवायची) घाई होते, पण तिथे आधीच घरकुलं उभी आहेत का हे पाहणीच्या नकाशावर बघायचं.

आणि मग आरक्षणं. इथे मार्गदर्शक तत्त्वं आणि नगरपरिषदेची तिजोरी समोरासमोर येतात. ५,००० लोकांमागे एक प्राथमिक शाळा, ०.४ हेक्टर. साठ हजारांना बारा शाळा. आठ असतील तर चार हव्यात, १.६ हेक्टर, हे झेपतं. पण माणशी दहा चौरस मीटर खुली जागा धरली की ६० हेक्टर लागतात. आज ६ असतील तर ५४ हेक्टर कुठून आणायचे? शहरी भागात २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्य आणि तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट. चौरस मीटरला २,००० रुपये धरले तरी ५४ हेक्टरांचे २१६ कोटी होतात. क वर्ग नगरपरिषदेला हे कधीही शक्य नाही. कलम १२७ नुसार योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण संपतं. तक्त्यात माणशी दहा मीटर पुरे झाले म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या गटाला ज्युरी हाच हिशेब विचारते.

टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा विकता येणारा हक्क, देऊ, हे उत्तर तयार असतं. टीडीआरला किंमत तेव्हाच, जेव्हा कुणाला जादा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) विकत हवा असतो. ज्या गावात मूळ एफएसआयही पुरा वापरला जात नाही तिथे ते प्रमाणपत्र घेणारा गिऱ्हाईक नाही. आम्हाला पटलेला मार्ग असा : निळ्या रेषेच्या आतली नदीकाठची पट्टी हरित ठेवायची, कारण तिथे तसंही बांधता येत नाही. ०.४ हेक्टर आणि मोठ्या रेखांकनांतून येणारी १० टक्के खुली जागा हिशेबात घ्यायची, पण सगळी नाही, पाहणीत त्यातली किती प्रत्यक्ष मोकळी सापडली त्या प्रमाणात. गावाच्या वाढीच्या दिशेला एका भागात नगररचना परियोजना सुचवायची, जिथे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-बागा काढल्यावर नव्याने वाटता येतात. आरक्षण उरलेल्या गरजेपुरतंच. माणशी आकडा दहाच्या खाली राहतो. तो तसाच लिहावा आणि का ते सांगावं.

रस्त्यांबाबत एक सवय लावून घ्यावी. पडद्यावर सरळ रेघ ओढण्याआधी गटांच्या हद्दी चालू करायच्या. २० गुंठ्यांचा तुकडा साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर असतो. त्याच्या मधून १२ मीटरचा रस्ता गेला तर ५४० चौरस मीटर, म्हणजे चौथा हिस्सा आणि वर थोडं, आणि उरलेले दोन तुकडे अडचणीचे. तोच रस्ता बांधावरून नेला तर दोन्ही बाजूंकडून सहा-सहा मीटर जातात. रस्ता थोडा वाकडा होतो, वळणं तपासावी लागतात. तिरपा, झोकदार वळणरस्ता शीटवर शोभतो आणि हरकतींचा ढीग आणतो.

शीट्स आणि अहवाल यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ए१ वर अक्षरं भिंतीपासून दोन मीटरवर वाचता यावीत, प्रत्येक नकाशावर उत्तर दिशा, प्रमाणपट्टी आणि माहितीचं साल असावं. एका परिशिष्टाला मात्र आम्ही बराच वेळ दिला : तफावतींची यादी. गट क्रमांक, नकाशावरचं क्षेत्र, अभिलेखातलं क्षेत्र, फरक, आणि योजनेत कोणता आकडा वापरला.

ती यादी सुनावणीत कामाला येते. काही विभागांत सत्राच्या शेवटी कलम २८ च्या धर्तीवर नकली सुनावणी घेतात. कायद्यात नियोजन समितीत लोकप्रतिनिधींच्या समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात, वर्गात ती जागा शिक्षक आणि दुसरा गट घेतो. तिसरा गट हरकतदार. माझी जमीन शासकीय दाखवली आहे, रस्ता माझ्याच बाजूने का वळवला, माझ्या गटाचं क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी दाखवलंय, अशा लेखी हरकती येतात. प्रत्येक हरकतीला क्रमांक, गट नंबर, मागणी, स्थळपाहणीत काय दिसलं, शिफारस आणि कारण, असे रकाने ठेवून उत्तर लिहायचं. ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढ्यावर थांबलेली उत्तरं समिती परत करते. हरकत मान्य केली तर त्याच ओळीत पुढचा परिणामही लिहावा लागतो : रस्ता कोणत्या गटात सरकला, तिथल्या धारकाला सुनावणी दिली का, आणि शाळेच्या आरक्षणातून कमी झालेले चौरस मीटर कुठे भरून काढले.